स्टॅकवरचे 512 बाइट

दूध संकलन केंद्रातल्या वजनयंत्राचा कोड माझा होता. पावती छापताना मधूनच सभासदाच्या एकूण लिटरचा आकडा बदलायचा. शेतकऱ्याचा दहा दिवसांचा पगार त्या आकड्यावर निघतो. तक्रार आली त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या टेबलावर तेच यंत्र बिनचूक चालायचं. फरक एवढाच, की टेबलावर मी जीसीसी कंपायलरचा ‘-ओजी’ पर्याय वापरायचो आणि केंद्रावर ‘-ओएस’ने बांधलेला कोड जायचा.

आत एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलर. रॅम जेमतेम 2048 बाइट. त्यातले 1150 ग्लोबल व्हेरिएबल्सकडे, उरलेल्या 898 मध्ये स्टॅक. पावतीला चारशेच्या वर लागायचे, म्हणजे जागा भरपूर होती.

शेवटी डिसअसेंब्ली उघडली. सुरुवातीच्या तपासणीचं माझं फंक्शन त्यात कुठेच नव्हतं! ते ‘स्टॅटिक’ होतं आणि ‘मेन’मधून एकदाच बोलावलेलं. अशी फंक्शन्स कंपायलर ‘-ओएस’मध्ये बोलावणाऱ्याच्या पोटात घालतो, म्हणजे इनलाइन करतो; ‘-ओजी’मध्ये करत नाही. त्या फंक्शनमध्ये ईईप्रॉम वाचायला 512 बाइटचा बफर होता. एरवी फंक्शन संपताच ती जागा मोकळी झाली असती. आता ती ‘मेन’ची झाली, आणि ‘मेन’ कधी संपतच नाही. उरले 386. पावती छापताना स्टॅक खाली सरकून थेट लिटरच्या आकड्यांवर चढत होता.

‘-डब्ल्यूइनलाइन’ हा इशारा मी चालू ठेवला होता. पण ‘इनलाइन’ म्हणून लिहिलेलं फंक्शन इनलाइन झालं नाही तरच तो सांगतो. इथे नेमकं उलटं झालं होतं, त्यामुळे तो गप्प.

आधी ‘-एफनो-इनलाइन’ लावून पाहिलं. दोष गेला, पण लोडसेलचा एकेक बिट वाचणारं छोटं फंक्शनही वेगळं झालं. एका वजनाला असे 24 बिट, म्हणजे 24 वेळा वेगळं बोलावणं. एका फंक्शनसाठी सगळ्या कोडवर बंदी मला पटली नाही. ती काढली आणि फक्त तपासणीच्या फंक्शनला ‘नोइनलाइन’ लावलं. मेकफाइलमध्ये ‘-एफस्टॅक-यूसेज’ घातला. आता प्रत्येक फंक्शन स्टॅकवर किती जागा घेतं, ते फाइलमध्ये दिसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नवा कोड घेऊन मी केंद्रावर गेलो. केंद्राच्या सचिवांनी जुनी वही काढली आणि म्हणाले, “तुम्ही पावती वाचा, मी वही बघतो.” रांग संपेपर्यंत आम्ही एकेक आकडा जुळवत राहिलो.