मुळाशी जागा धरणारे

द्राक्षाची गोडी छाटणी जवळ आली की नाशिकरोडच्या आमच्या प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यांपेक्षा बाटल्याच जास्त येतात. पळसे, शिंदे, चेहेडीकडचे बागायतदार बाटली टेबलावर ठेवतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, हे ड्रिपमधून सोडलं की डाऊनी थांबेल ना?’’ लेबलावर स्युडोमोनास नाहीतर बॅसिलस लिहिलेलं असतं. डाऊनी (केवडा रोग) येते पानावर आणि घडावर, हे जिवाणू राहतात मुळाशी. तरीही उत्तर सरळ ‘नाही’ असं देता येत नाही.

आधी बाटलीत जिवंत काय आहे ते पाहायचं. स्युडोमोनास फ्लुरोसन्ससाठी आम्ही किंग्ज बी हे माध्यम वापरतो. त्यात लोह फार कमी असतं. एक-दोन दिवसांनी अंधार करून अतिनील दिवा धरला की वसाहतींभोवती पोपटी-पिवळी चमक दिसते. त्याच माध्यमात थोडा लोहाचा क्षार घाला. जिवाणू वाढतात, चमक मात्र जाते. कारण चमकणारं पायोव्हर्डिन हे लोह ओढून आणायचं हत्यार आहे. लोह आयतं मिळालं तर ते बनवायचे कष्ट कोण घेईल? १९८० साली जोसेफ क्लोपर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हीच गोष्ट मांडली : मुळाभोवतीचं लोह हे जिवाणू अडवतात, अपायकारक जीव उपाशी राहतात आणि पीक जोमाने वाढतं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू आठच्या आसपास. लोह असून नसल्यासारखं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, हे दृश्य कुठल्या बागायतदाराला नवं आहे? तिथे या ओढाताणीला आणखी धार येते.

बॅसिलसची तऱ्हा वेगळी. इट्युरिन, फेंजायसिन यांसारखे पदार्थ सोडून तो बुरशीच्या पेशीपटलालाच भोकं पाडतो. शिवाय दिवस वाईट आले की बीजाणू करून पडून राहतो, म्हणून बाटलीत टिकतो. स्युडोमोनासला ती सोय नाही. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापलेली त्याची बाटली मला कुणी फुकट दिली तरी नको. आणि तीच बाटली गुळाच्या पाण्यात, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ‘वाढवून’ वापरायची जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल काय बोलावं! गुळाच्या पाण्यात जो सर्वांत झपाट्याने वाढेल तोच ड्रमभर होतो. तो आपलाच जिवाणू असेल याची हमी कुणी द्यावी?

खरा मुद्दा वेळेचा आहे. पांढऱ्या मुळीतून साखरा आणि आम्लं झिरपतात, त्यावर हे जीव जगतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं रोगाच्या आधी त्यांनी मुळीवर बसायला हवं. म्हणून टोमॅटोची रोपं लावतानाच मुळं द्रावणात बुडवायची; मर दिसू लागल्यावर केलेल्या आळवणीकडून फार आशा धरू नये. द्राक्षाला पांढरी मुळी चालू असताना, वाफशावर सोडायचं. त्याच आठवड्यात त्याच नळीतून कॉपर किंवा स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं जिवाणूनाशक सोडलं, की पैसे मातीत.

आता डाऊनी. मुळाशी बसलेले काही जिवाणू झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा सावध करतात आणि तिचा परिणाम पानापर्यंत पोचतो. पण पोंगा अवस्थेत पाऊस लागला तर एवढ्या भरवशावर राहू नका, बुरशीनाशक फवारा, हे मी स्पष्ट सांगते. जिवाणूंची खरी गरज पुढे, मण्यात पाणी उतरू लागल्यावर पडते. तेव्हा प्रत्येक रासायनिक फवारणीमागे उर्वरित अंशाची भीती असते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या, आपल्या ‘सीसीसी’च्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, ते नाशिककर विसरलेले नाहीत. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षवेलींवरूनच बॅसिलस सबटिलिसचे वाण वेगळे केले; ते कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं विघटन करतात असं त्यांना आढळलं. रोगाला अडवणारा जीव फवाऱ्याचा अंशही खातो, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अर्थात प्रत्येक वाण हे करत नाही, आणि लेबलावर नुसतं ‘बॅसिलस’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून मी एवढंच सुचवते : दोन ओळींना जिवाणू न सोडता त्या तशाच ठेवा, म्हणजे फरक आहे की नाही ते तुमचं तुम्हालाच दिसेल. सगळे मान डोलावतात आणि बहुतेक जण सगळ्या बागेला सोडून मोकळे होतात.