पाणसळ

स्वयंपाकघरात टाइल्स बसवायच्या म्हटलं की सगळे टाइल्सचा रंग विचारतात. खालच्या जमिनीची चौकशी कुणी करत नाही.

आमचं घर राजापूर तालुक्यातलं, जांभ्या दगडाचं. पंधरा वर्षांपूर्वी पडवीपासून माजघरापर्यंत टाइल्स आल्या आणि पैसे संपले. स्वयंपाकघरात मातीची जमीन राहिली, आणि दर शनिवारी ती सारवणारी आई. पाहुणे बसतात तिथे आधी चकाकी लागते, हे आमच्याकडचं जुनं गणित.

यंदा मार्चमध्ये काम काढलं. गवंडीकाकांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढले आणि भिंतींवर पेन्सिलीने खुणा केल्या. मध्ये कितीही चढउतार असोत, नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत थांबतं. खुणांपासून खाली टेप लावत गेलो, तर बारा फुटांत पावणेदोन इंचांचा फरक. सर्वांत खोल जागा चुलीपुढची. बसण्याउठण्याने झिजलेला खळगा, आधी आजीचा, मग आईचा.

दुसरी अडचण ओलीची. सारवण आठवडाभर बंद ठेवलं होतं. काकांनी कोपऱ्यात हातभर प्लास्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले होते. म्हणजे पाणी जमिनीतूनच येत होतं. माती आणि जांभा दोन्ही सच्छिद्र. वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून वर चढतं. मार्चमध्ये ही गत, तर श्रावणात काय?

बाबांना घाई होती. एप्रिलअखेर भावाचा साखरपुडा. "वरच्यावर माल टाकून बसवता येणार नाही का?"

"येईल की," काका म्हणाले. "दोन पावसाळ्यांत लादी पोकळ वाजायला लागेल."

आई दारात उभी होती. "इतकी वर्षं थांबले, अजून थोडी थांबेन. पण खालून खणा." घराच्या खर्चाबद्दल तिने पहिल्यांदाच निर्णय सांगितला. बाबा गप्प बसले.

वीतभर माती निघाली. तिच्यात चुलीच्या राखेचा काळा थर होता आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे. मग दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मसने चोपलेला. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, भिंतीला चार बोटं वर चढवलेला, आणि मग काँक्रीट. मोरीकडे मीटरला सेंटीमीटरभर उतार. आधी आठवडाभर त्यावर पाणी मारायचं, नंतर तेच पाणी सुकायची वाट बघायची.

तोवर गॅस पडवीत आला. आतापर्यंत पाहुण्यांना चहा दिसायचा, आता चहा करणारी बाई दिसू लागली. बाबा न सांगता पाण्याच्या कळशा आणून ठेवू लागले. साखरपुड्याला आत नुसतं काँक्रीट होतं. कुणाचं काही अडलं नाही.

मेमध्ये पुन्हा प्लास्टिक चिकटवलं. कोरडं निघालं, तेव्हाच टाइल्स बसल्या. दुकानदार चकचकीत पांढऱ्या दाखवत होता. आईने तळवा फिरवून खरबरीत, राखाडी निवडल्या. ओल्या पायांनी तिथे तीच वावरणार होती.

जुलैच्या धो धो पावसात फोन करून विचारलं, "ओल आली का गं?"

"नाही. पण शनिवारी हात रिकामे राहतात."

"मग काय करतेस?"

"झोपते."