मोगऱ्याच्या आळ्यातली खसखस

रिठद, कार्तिक वद्य पंचमी

चि. मनू,

पत्रातली शेवटची ओळ वाचून छातीत धस्स झालं. अनारशांची उरलेली खसखस मोगऱ्याच्या आळ्यात पेरलीस? अगं, ते अफूचं बी! डब्यात ठेव, वाटणात घाल. पण रुजवलीस की १९८५च्या कायद्याने गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा. परवान्यावर लागवड होते तीही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच. निळसर, मेणचट, खोडाला मिठी मारलेली पानं दिसली तर कळीची वाट पाहू नकोस, उपटून टाक.

पॉपीच हवी तर शर्ली लाव. इंग्लंडात विल्क्स नावाच्या पाद्र्याला १८८० मध्ये बागेच्या कोपऱ्यात, तांबड्या रानपॉपीत पांढऱ्या कडेचं एकच फूल दिसलं. त्याचं बी निवडत निवडत त्याने ही जात केली. हिची पानं केसाळ, कातरलेली. बी वाळूत मिसळून जागेवरच भुरभुरायचं, मातीआड गाडायचं नाही. सोटमूळ दुखावतं, म्हणून रोप हलवायचं नाही.

पण मोगऱ्यात नाही म्हणजे नाही! थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडून छाटणी करावी, तेव्हा तो उन्हाळ्यात फुलतो. तू पॉपीसाठी झारी फिरवत राहशील आणि चैत्रात नुसता पाला बघशील. गुलाबापाशीही नको, तिथल्या शेणखताने पॉपी माजते, फुलत नाही. मी किती वर्षं सांगतेय, बारमाही झाडांच्या बागेत एक पट्टा मोकळा हवाच. तुम्हाला वीतभर उघडी माती सहन होत नाही, लगेच कुंडी आणून ठेवता. आजीचं अंगण आठव. तुळशीपलीकडची जागा पावसाळ्यात तेरड्याची, थंडीत शेवंतीची आणि वैशाखात कुणाचीच नाही. ती माती उन्हात तापू द्यायची असते. तण मरतं, किडीचे कोष मरतात. मोकळी जागा वाया गेली असं तुला कुणी शिकवलं?

इथे धुऱ्यावरचा पिवळा धोतरासुद्धा पॉपीच्याच कुळातला. बी थेट मोहरीसारखं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या त्याच्या भेसळीने साठावर माणसं दगावली. म्हणून या कुळाला जपूनच असावं, तुझी पिल्लू तर दिसेल ते तोंडात घालते.

शिवाय जावईबापूंची सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर, शेजार नवा. उगवलंय का काही? आजच आळं चाळून बघ आणि फोन कर. लिहीत बसू नकोस, पत्र यायला आठवडा लागतो.

तुझी,
मावशी