कोरा सोडलेला कागद

पावसाळ्यात बोरी नदी भरली की नळदुर्ग किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तिथे उभे राहिले की डोक्यावरून नदी जाते आणि माणूस कोरडा राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीनने हे बांधले. हे पाणी इंग्रज प्रवासलेखिका मारिया ग्रॅहमने पाहायला हवे होते, असे मला दर पावसाळ्यात वाटते.

मारिया 1809 मध्ये मुंबईत उतरली, तेव्हा तिला चोविसावे वर्ष चालू होते. तिने घारापुरी पाहिली, घाट चढून कार्ले गाठले, पुण्यापर्यंत आली. जिथे गेली तिथे चित्रे काढली. त्यांतली काही तिच्या 1812 सालच्या प्रवासवर्णनात छापली गेली. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंच्या रंगांच्या कडक वड्या तोवर सहज मिळू लागल्या होत्या. पेटी, कुंचला आणि वाटीभर पाणी, एवढ्यावर काम भागे. मग घरोघरीच्या इंग्रज बायकांच्या अल्बमात स्वतःची, बहिणीची, ओळखीच्या कुणाची अशी चित्रे शेजारी शेजारी चिकटू लागली.

त्या वह्यांमागे ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता होती, हे मी विसरत नाही. तरीही चित्र काढणाऱ्याला एका जागी बसावे लागते. सावली सरकताना पाहावी लागते. इतका वेळ आपणच आपल्या दगडांना देत नाही, हे मला खुपते.

मारियाची वाट पुण्याहूनच परतली. नळदुर्ग तेव्हा निजामाच्या मुलखात होता. 1853 मध्ये तो इंग्रजांकडे आला आणि मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला. चित्रकलेचा नाद त्यालाही होता. पण त्याच्यामागे जमाबंदी होती, कचेरी होती. मला इथे हवी आहे ती निव्वळ पाहायला आलेली बाई, मांडीवर वही घेऊन बसलेली.

तिला काम अवघड गेले असते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. तिथे कागदच मोकळा ठेवतात. म्हणजे आधी काळा दगड रंगवायचा, चिऱ्यांचे सांधे, त्यांतले शेवाळ, महालाची खिडकी. आणि नर-मादीच्या जागी कुंचला मुळीच टेकवायचा नाही. एक थेंब चुकीच्या जागी ओघळला, तर धबधबा गेला.