आंबेडकरी लेखकाने पुस्तक फुकट का वाटावे?

आंबेडकरी चळवळीत लिहिणाऱ्या माणसाने पुस्तकाचे पैसे मागितले की त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. 'चळवळ विकायला काढली' हे वाक्य आम्ही यवतमाळपासून उमरखेडपर्यंत वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे. आम्ही म्हणजे या जिल्ह्यात सामाजिक काम करता करता लिहिणारे चार-पाच जण. कोणी शिकवण्या घेते, कोणी मानधनावर आहे, एकाचे झेरॉक्सचे दुकान आहे. आमच्या पुस्तिका आम्हीच छापतो आणि आम्हीच विकतो. त्यामुळे या आरोपाला एकदा नीट उत्तर दिले पाहिजे.

मुळात हा वाद आजचा नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण पचले नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले व किंमत ठेवली आठ आणे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचा समाचार घेताना किंमतीचाही विषय काढला. ती दोन आणे, निदान चार आणे करावी अशी त्यांची सूचना होती. पंधराशे प्रतींची ती इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. १९३७ मध्ये दुसरी काढावी लागली. छापखान्याचे बिल ज्याने भरले त्याने किंमत ठरवली आणि ज्यांना वाचायचे होते त्यांनी पैसे मोजले. यात चळवळ कुठे विकली गेली?

पैसे नसले की काय होते तेही याच इतिहासात आहे. 'मूकनायक' १९२० मध्ये उभा राहिला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये निघाले, पण वर्गणीदार पुरेसे नाहीत, मदतीला माणूस नाही, रकानेच्या रकाने संपादकानेच लिहायचे, अशी अवस्था. ते १९२९ मध्ये बंद पडले. सप्टेंबर १९५६ मध्ये, प्रकृती पार खालावलेली असताना, बाबासाहेबांना पंडित नेहरूंना पत्र लिहून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पाचशेएक प्रती सरकारने विकत घ्याव्यात अशी विनंती करावी लागली. सरकारने ते केले नाही. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. तो पाहायला बाबासाहेब नव्हते. जयंतीच्या डीजेवर हजारो रुपये उडवणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा तरी आठवावा.

लेखनावरच पोट भरावे अशी आमची मागणी नाही. मराठीत ते फार थोड्यांना जमले आहे, आणि जे आपल्या परंपरेत टिकले त्यांचा जोडधंदा पक्का होता. जोतीराव कंत्राटे घेत. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ मध्ये. नोकरी सोडून लेखक व्हायला निघालेल्या पोरांना आम्ही हेच सांगतो की आधी दुकान लावा. रोज एक पान, गिऱ्हाईक नसताना. पण त्या पानाला दाम असू नये, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

आमच्या जिल्ह्याचेच बघा. यवतमाळवर लिहिणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. शेतकरी आत्महत्येचा अभ्यास करायला मुंबई-दिल्लीची माणसे येतात. समाजशास्त्रात एमए केलेले आमच्यासारखे त्यांना कळंब, राळेगाव, घाटंजी, झरी-जामणीची गावे दाखवतात, प्रश्नावल्या भरून देतात, वऱ्हाडीचा अर्थ सांगतात. पुढे पुस्तक निघते, त्यावर नाव त्यांचे. आमचे नाव आभारात, तेही कधीमधी. २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर जी नामुष्की झाली, त्यानंतर उद्‌घाटन केले राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी विधवेला व्यासपीठ मिळाले याचा आम्हाला आनंदच झाला. पण तिच्या जगण्यावरचे पुस्तक तिच्या गावातल्या मुलीने लिहावे आणि त्याचे पैसेही तिलाच मिळावेत, एवढी व्यवस्था आपल्याकडे आजही नाही.

प्रकाशकांचे म्हणाल तर आमच्यातल्या एकीला एकाने तीनशे प्रतींसाठी आगाऊ रक्कम मागितली आणि वर कायमचे हक्कही. तिने नकार दिला. कायदा तिला माहीत होता म्हणून! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सही केलेल्या लेखी कराराशिवाय हक्क हस्तांतरित होतच नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभर वापरला नाही तर तो, करारात वेगळे काही नसल्यास, संपतो. आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी हजार-दोन हजार घेणाऱ्या दलालाची गरज नाही. आपले जुने लेखक केवळ शब्दावर हस्तलिखिते देत गेले. त्यांच्या वारसांना आज हिशेब मागायलाही कागद नाही.

विक्रीला दुकान लागत नाही, कॅलेंडर लागते. १४ एप्रिल, नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबर. पण खेड्यात खरेदी कापसावर चालते. वेचणी सुरू झाली की मजुरी करणाऱ्या बायकांच्या हाती चार पैसे येतात. जून-जुलैत बियाणे-खतापुढे पुस्तकाचे नाव काढू नये. मात्र त्याच दिवसांत वर्षावास सुरू होतो, विहारात रोज संध्याकाळी वाचन होते. एक प्रत आणि पन्नास ऐकणारे. म्हणून आम्ही विहारांकडून वाचनापूर्वीच एकेका प्रतीची वर्गणी घेतो, आणि वाक्ये मोठ्याने वाचता येतील अशीच लिहितो. वाचताना आजीबाई मध्येच "हे काऊन लिवलं?" विचारते, तिथे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते.

राहिला फुकट प्रतीचा प्रश्न. "भाऊ, एक प्रत आपल्याले द्या न, आपलाच माणूस हाय" असे म्हणणारा बहुतेक वेळा पगारदार असतो. मजूर बाई पदराची गाठ सोडते. कार्यक्रमाला बोलावणारी मंडळेही शाल-श्रीफळ आणि हारावर खर्च करतात आणि लेखकाला एसटीचे तिकीट स्वतः काढायला लावतात. आता आम्ही आयोजकांना आधीच सांगतो की शाल नको, त्या पैशात दहा पुस्तिका घ्या आणि गावातल्या दहावीच्या मुलांना द्या. काहींना राग येतो. दारव्ह्याकडच्या एका गावाने वीस घेतल्या.

पुढची पुस्तिका कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर आहे. लेखन निम्मे झाले. ज्या बाया बोलल्या त्यांची नावे, त्यांच्या परवानगीने, मुखपृष्ठावर आमच्या नावांसोबत येतील आणि विक्रीत त्यांचाही वाटा राहील. किंमत अजून ठरलेली नाही. छापखान्याने कागदाचा नवा दर कळवला की ठरेल.