पातळ बीड

४ जून
बिडाच्या नव्या तव्याचा व्यास ठरला. २५ सेंटिमीटर. घरच्या शेगडीला पुरतो, मध्यम भाकरी आरामात बसते. वजन दोन किलोच्या आत हवं. बाकी काहीच ठरलेलं नाही.

५ जून
आईचं भिडं माळ्यावरून काढून काट्यावर ठेवलं. ३ किलो २००. कड एका बाजूला ७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ५. आजीचं, देवगडहून आलेलं. आंबोळीला अजून तोड नाही. पण आईच्या अंगठ्याच्या सांध्याची झीज झालीय, जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून ते वर गेलं आणि खाली नॉनस्टिक आला. त्याचा थर आता मधोमध उडालाय.
नवं भांडं असं माळ्यावर जाऊ नये. बस.

७ जून
बिडाची घनता ७.२ धरली. या व्यासाला तळ १ मिलिमीटरने वाढवला की साडेतीनशे ग्रॅम वाढतात. एका मिलिमीटरला साडेतीनशे! दिवसभर दशांश खोडतेय, लिहितेय.
अडचण अशी की बीड उष्णता पसरवतं सावकाश. अ‍ॅल्युमिनियमच्या जेमतेम चौथा हिस्सा. धरून ठेवतं ते अंगच्या वजनाच्या जोरावर. वजन काढलं की गुणही जातो. सगळीकडून काढून चालणार नाही. कुठून काढायचं, एवढंच ठरवायचंय.

११ जून
कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीचे मालक ड्रॉइंग उलटसुलट बघत होते. त्यांचा माल म्हणजे ब्रेक ड्रम, हाउसिंग. म्हणाले, "ताई, भांड्याचं काम आम्ही कधी केलं नाही. आणि एवढ्याशा नगासाठी वेगळी हीट काढणं परवडत नाही." शेवटी तयार झाले. त्यांच्या एफजी २०० ग्रे आयर्नच्या हीटमधून एक लॅडल आपल्याला.
मोल्डिंगचे मिस्त्री जवळ आले, कड मोजली. २.२ मिलिमीटर. "ह्यो कागद झाला ताई, जॉब न्हवं."

१६ जून
उद्यमनगरात पॅटर्नमेकरकडे. सागवान. बीड गोठल्यावर गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न २५२.५ मिलिमीटरचा. वाळूतून अलगद निघावा म्हणून भिंतीला २ अंश ड्रॉ.
मुठीवर अंगठा फिरवून त्यांनी विचारलं, "कुणाचा हात?" घरातल्या बायकांचा, म्हटलं. "मग माझं माप काय घेताय? उद्या मंडळींना घेऊन येतो."

१७ जून
पॅटर्नमेकरच्या पत्नी आल्या. हिरव्या बांगड्या, हात कामाने टणक झालेले. पुट्टीचा गोळा मुठीच्या जागी लावला, त्यांनी भरलेला तवा उचलावा तसा दाबून धरला. तीन बोटांचे खळगे खोल उमटले. करंगळीचा खळगाच नाही, ती बाहेर लोंबकळत होती. अंगठ्याचा ठसा वरून पडेल असं वाटलं होतं, तो पडला बाजूने.
मूठ एका बोटाने लांबवली. वरची बाजू सपाट केली, खालची गोल. समोरच्या बाजूला दुसरा कान, चार बोटं आत जातील एवढा. पुट्टीचा गोळा घरी घेऊन आले.

२२ जून
सकाळपासून झड. वाळू ओलसर लागतेय. मिस्त्रींनी मूठभर वाळू दाबली, मोडली, कडा बघितल्या, पाणी कमी करायला सांगितलं. ओल जास्त झाली की वाफ धरते आणि जॉबला भोकं पडतात.
ओतताना आम्ही सगळे गप्प. एवढ्या पातळ जागेत बीड शेवटपर्यंत पळेल की मध्येच गोठेल, हे वरून दिसत नाही.

२४ जून
निम्म्याहून जास्त नग फेटलिंगला गेलेच नाहीत. काहींची कड अर्धवट भरलेली. जे पूर्ण भरले त्यांच्या कडेवर कानस नुसती घसरते. एक फोडून बघितला. आत राखाडी, कडेला चकाकता पांढरा पट्टा.
चिल. पातळ कड वाळूत झटकन गार झाली. कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळं बसायला वेळ मिळाला नाही, तो लोखंडाशी बांधला जाऊन कार्बाइड झाला. कठीण, आणि काचेसारखा ठिसूळ. असं भांडं ओट्यावर आपटलं की टवका उडणार.
मिस्त्री काही बोलले नाहीत. चहा मागवला.

२५ जून
कशात मन नाही.

२७ जून
रात्री वाचत बसले. इंग्लंडात अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट घेतलं. कोकवर भट्टी चालवली ती १७०९ मध्ये, कोलब्रुकडेलला. पुस्तकांत मोठं नाव त्या कोकचं, पण स्वयंपाकाचं भांडं त्याच्या आधीचं. इंजिनं, पूल, रेल्वे सगळं नंतर. ब्रेक ड्रम तर फारच नंतर. "भांड्याचं काम आम्ही कधी केलं नाही" हे आठवलं. या धंद्याच्या मुळाशी भांडंच आहे, आणि ते आज कुणालाच जमेत धरावंसं वाटत नाही याचं वाईट वाटतं.

३० जून
कोअर शॉपमधल्या एक मावशी बऱ्यापैकी भरलेला नग बघत उभ्या होत्या. कड घासून दिला त्यांना. म्हटलं, रोजची भाकरी करा आणि काय वाटतं ते खरं सांगा.

१ जुलै
मावशींनी खरं सांगितलं. "भाकरी टाकताना मनगट कडंला भाजतंय. उलथनं आडवं जात न्हाई. फुगतीय चांगली."
मी दहा दिशांनी आकृत्या काढल्या होत्या, हे एकीतही नव्हतं. भाकरी तव्यात वरून पडत नाही. हात जमिनीला समांतर येतो, पीठ तळव्यावरून सरकतं, मग हात मागे जातो. ४५ मिलिमीटर उंच भिंत त्या वाटेत उभी आहे.

२ जुलै
भिंत एकसारखी उंच ठेवायचीच कशाला? उजव्या अंगाला १८ मिलिमीटरपर्यंत उतरवायची, तिथून हात आणि उलथनं दोन्ही आत. डाव्या अंगाला ४५, म्हणजे मासे तळताना तेल शेगडीवर उडणार नाही. वजनही तिथूनच निघतं.
डावखुऱ्यांचं काय? मूठ मधल्या रेषेवर आहे, पॅटर्न उलटा करून दुसरा बनवता येईल. नोंद करून ठेवतेय, विसरायचं नाही.
आईला आकृती दाखवली. "रस्सा नाही मावायचा यात." मग तीच म्हणाली, "रश्श्याला कढई आहे की."

६ जुलै
पेनसिल्व्हेनियातली मामेबहीण सुट्टीला आलीय. तिथल्या जुन्या बाजारात घेतलेला ग्रिसवोल्डचा तवा बॅगेतून घेऊन आली, माझ्यासाठी. एरी गावचा कारखाना, १९५७ मध्ये बंद झालेला. कॅलिपर लावला. भिंत ३ मिलिमीटरच्या आसपास, आणि कडेला किंचित जाड गोठ. आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला.
म्हणजे पातळ ओतता येतं. हातांनी साचे करणाऱ्यांना येत होतं. कड मात्र त्यांनी नागवी सोडली नव्हती.

१२ जुलै
पिठाची चाचणी. पहिल्या ओतीतल्या तव्यावर ज्वारीचं पीठ पातळ भुरभुरलं, गॅस मध्यम. बर्नरच्या जाळाचं कडं जसंच्या तसं तपकिरी उमटलं, मधे पांढरं, बाहेर पांढरं. तळ २.८ मिलिमीटर. आजीच्या भिड्यावर तेच केलं: पीठ उशिरा भाजलं, पण सगळं एकदम.
नवं ठरलं. तळ मधे ४ मिलिमीटर, जाळाच्या कड्यापलीकडे उतरत जाऊन ३. भिंत २.८. कडेला गोठ. वजन जिथे जाळ लागतो तिथे. मुठीपाशी आणि कडेला एक ग्रॅमही फुकट नको.

१५ जुलै
मिस्त्रींची नवी काळजी. गेट कडेला, जाड भाग मधे. मधलं शेवटी गोठणार, तिथं पोकळी राहील का? ग्रे आयर्नचं एक बरं असतं: गोठताना ग्राफाइट सुटतं आणि फुगतं, आकसणं बरंचसं त्यातच भरून निघतं. तरी एक नग मधोमध कापून बघायचाच.
चिलवर उपाय: लॅडलमध्ये फेरोसिलिकॉन, ओतण्याच्या अगदी आधी. कार्बन-सिलिकॉन थोडं वर. बीड जास्त तापवून ओतायचं, गेट एकाऐवजी चार. कुणीतरी फॉस्फरस वाढवा म्हणालं. त्याने बीड पातळ वाहतं, खरं आहे. पण ठिसूळही होतं. नको.

२० जुलै
राजाराम बंधारा पाण्याखाली. पंचगंगा वाढतेय. निम्मे कामगार आलेच नाहीत.

२३ जुलै
सागवानी पॅटर्न दमट हवेने फुगलाय, उतरत्या कडेपाशी अर्धा मिलिमीटर. एरवी अर्ध्या मिलिमीटरला कोण विचारतो. पुन्हा घासून लाखेचा हात द्यायला दिला.

२४ जुलै
आईचा अंगठा सुजलाय. पोळ्यांना बाई लावू म्हटलं. ऐकत नाही.

२ ऑगस्ट
ओतलं. फेरोसिलिकॉन मिस्त्रींनी स्वतः टाकलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. चारही गेटांनी बीड एकदम आत गेलं, रायझरमधून वर आलेलं दिसलं. मला लगेच बघायचं होतं. "ताई, आज उघडायचं न्हाई. गरम काढला तर वाकडा हुतोय. वाळूतच निवू दे." बॉक्स रात्रभर तसेच.

३ ऑगस्ट
भरलेत! कड कानशीला लागते, बारीक राखाडी भुकटी पडते. एक मधोमध कापला. पोकळी नाही. फोडलेला तुकडा कडेपर्यंत राखाडी. मिस्त्री तो तुकडा नखाने खरवडत किती वेळ बसले होते. मग खिशात टाकला.
वाळूची भोकं काहींना आहेतच. पावसाळा आहे.

६ ऑगस्ट
आतून मशीनिंग. लेथच्या रेघा वर्तुळाकार दिसतात, त्या ग्राइंडिंगने काढल्या. किती गुळगुळीत करायचं यावर वाद. आरसा केला की तेलाचा थर धरत नाही, पापुद्रे सुटतात. वाळूचा पोत तसाच ठेवला की घावन चिकटतं. बोटाला जेमतेम खरखर लागेल इतकं ठेवलं.
मशीनिंगनंतर वजन १ किलो ८६०.

७ ऑगस्ट
रात्री टेबलावर उघडा राहिलेला नग सकाळी केशरी. कोल्हापूरचा ऑगस्ट. ग्राइंडिंग झाल्याझाल्या तेलाचा हात, त्याच दिवशी. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

१० ऑगस्ट
तेल. जवसाचा थर सुंदर काळा आणि कडक होतो, पण वापरायला घेतल्यावर कपची निघाली. शेंगदाण्याचं तेल सावकाश काळं होतं, टिकतं. थर शक्य तितका पातळ, लावून पुसून टाकायचा, मग ओव्हनमध्ये २४० अंशाला तासभर, पुन्हा तेच. जाड लावलं की चिकट राहतं. शेजारच्या काकू म्हणतात, आधी भाताची पेज ओतून ठेव. करून बघणार.

१४ ऑगस्ट
थालीपीठ. मधल्या भोकात तेल सोडलं, झाकण. उतरत्या कडेवरून उलथनं सपाट आत गेलं, थालीपीठ न मोडता उलटलं. भोकाभोवती आणि कडेला रंग एकच. पिठाची चाचणीही केली, पण थालिपिठाने आधीच सांगितलं होतं.

१६ ऑगस्ट
रवा लावून बांगडे. नंतर आईने त्यातच आमसुलाचं तिखलं करायला घेतलं, मी थांबवलं. आंबट पदार्थ नवा थर खातो, लोखंडही जास्त उतरतं. लोखंड पोटात जाणं वाईट नाही, पण चव बदलते, मासा काळवंडतो. थर मुरल्यावर टोमॅटो परतायला हरकत नाही. आमसूल मातीच्या भांड्यातच.
सोबतच्या कागदावर हे साध्या भाषेत आलं पाहिजे.

१८ ऑगस्ट
आईने तवा उचलला. एक हात मुठीला, दुसरा समोरच्या कानाला. शेगडीवरून मोरीपर्यंत. अंगठा सरळ होता, भार चार बोटांवर आणि तळव्यावर. ठेवला आणि म्हणाली, "कान अजून जरा मोठा कर. फडकं धरून बोटं जात नाहीत."
बरोबर आहे. गरम कान कुणी नुसत्या हाताने धरत नाही. पुट्टीच्या गोळ्यावर फडकं नव्हतं.

१९ ऑगस्ट
कान ६ मिलिमीटरने वाढवला. ड्रॉइंग पुन्हा.

२१ ऑगस्ट
ओट्याच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघितला. मुद्दाम. कड शाबूत, फरशी फुटली. दुसरा मुठीवर पडला आणि मुळाशी तडकला. तिथला कोपरा आतून फार काटकोनी आहे, ताण तिथेच साठतो. गोलाई वाढवायची, ८ मिलिमीटर त्रिज्या.

२३ ऑगस्ट
मिस्त्रींनी त्यांच्या घरासाठी एक मागितला. पैसे घेणार नाही म्हटलं तर रागावले.

२६ ऑगस्ट
मालक पुढे न्यायला तयार. लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न, मॅच प्लेटवर, म्हणजे एका बॉक्समध्ये दोन नग. हिशेब मांडला. किंमत ऐकून कोअर शॉपच्या मावशी गप्प झाल्या, आणि मला त्यांचा पगार माहीत आहे. ज्यांच्या मनगटामुळे कड उतरली त्यांना परवडत नसेल तर हे काम अर्धंच आहे.
कुठे कमी होईल? बाहेरची बाजू वाळूच्या पोताचीच ठेवायची, ग्राइंडिंग फक्त आतून. खोका साधा. पॉलिश नाही, तेलाचे थर कमी, उरलेले घरी चढतील. रिजेक्शन खाली आलं तर सगळ्यात मोठा फरक, आणि ते पाऊस थांबल्यावर वाळू सुधारली की कळेल. मालकांशी सोमवारी बसायचंय. कामगारांना पगारातून हप्त्याने देता येईल का, हे पहिलं विचारणार.