दूध उतू जातं तेव्हा...

बाळंतिणीला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, 'दूध पुरतंय ना गं?' अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शतावरी कल्प... सगळ्यांचं टार्गेट एकच, दूध वाढवणं. पण जिचं मुळातच जास्त आहे तिचं काय? तिच्यासाठी ना लाडू, ना काढा. 'नशीबवान आहेस हो!' एवढं म्हणून पाहुणे चहा पितात आणि निघतात.

मी ती नशीबवान बाई. मुक्काम शेलू, म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. मुंबईत घर न परवडणारी आमच्यासारखी मंडळी इथे फ्लॅट घेतात आणि खिडकीतून माथेरानचा डोंगर फुकटात मिळवतात. लेक सहा आठवड्यांचा होता तेव्हा घरात रोज एकच सीन. तो प्यायला लागला की मिनिटभरात पान्हा असा जोरात यायचा की त्याला ठसकाच लागायचा. तोंड बाजूला काढायचा, चिडून रडायचा, पुन्हा तुटून पडायचा. आणि दहा मिनिटांनी भसकन गुळणी! माझ्या खांद्यावर, दुपट्यावर, एकदा तर थेट लॅपटॉपच्या कीबोर्डवर. (हो, डेडलाइन होती. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह नोकरदार बायकांना. फ्रीलान्सरला फक्त संपादकांचा फोन.) दिवसाला आठ-दहा गुळण्या, त्यात पावसाळा, कपडे वाळायचं नाव नाही. पंख्याखाली झबल्यांची तोरणं आणि सगळ्या घराला आंबूस वास.

सासूबाईंचं निदान तयार होतं. 'अगं, तुझं दूध त्याला सोसत नाहीये. वरचं सुरू कर.'

'आई, आधी डॉक्टरांना विचारूया ना.'

'विचार की. पण पोराच्या पोटात काही राहायला नको का?'

या प्रश्नाने माझी झोप उडवली. खरंच, प्यायलेलं सगळं बाहेर येत असेल तर आत राहतं काय? नवरोबा औषधं आणायला गेले तर मेडिकलवाल्याने न विचारता पावडरचा डबा काउंटरवर ठेवला. १९९२ च्या कायद्याने बेबी फूडच्या जाहिरातीवर बंदी आहे. फुकटच्या सल्ल्यावर नाही!

डॉक्टरीणबाईंनी माझी कर्मकहाणी मध्येच थांबवली. म्हणाल्या, 'आधी वजन बघू.' जन्मतः दोन किलो नऊशे. सहा आठवड्यांनी चार किलो आठशे. 'हे उपाशी बाळ वाटतं तुम्हाला?' मग त्यांनी एक होमवर्क दिला. घरी जाऊन चमचाभर दूध ओट्यावरच्या फडक्यावर ओता आणि डाग बघा. ओतलं. एवढ्याशा दुधाचा डाग तळहातापेक्षा मोठा! ज्याला आम्ही 'सगळं बाहेर आलं' म्हणत होतो, ते बहुतेक वेळा चमचा-दोन चमचे होतं.

त्यामागचा फंडा असा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप तान्ह्या बाळात अजून सैल असते. त्यात पोट छोटं आणि बाळ सदा आडवं. त्यामुळे दूध वर येतं. साधारण चार महिन्यांच्या सुमारास हे सगळ्यात जास्त होतं आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. मात्र उलटी हिरवी असेल, त्यात रक्त दिसलं, दर वेळी कारंज्यासारखी लांब उडत असेल, वजन वाढत नसेल, शू कमी झाली असेल किंवा ताप असेल, तर लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमच्याकडे मात्र झडपेच्या जोडीला माझा धबधबा होता. छाती तुडुंब भरलेली असते तेव्हा सुरुवातीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो. छाती रिकामी होत जाते तसं ते दाट होत जातं. दूध जास्त असलं की बाळाचं पोट पातळ दुधावरच भरतं. त्यातली साखर भराभर आतड्यात उतरते, मग गॅस, फेसाळ हिरवट शी आणि कळवळून रडणं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या, गुळण्या चालूच.

उपाय काय, तर लाडवांच्या बरोबर उलट. शरीर दूध बनवतं ते मागणीप्रमाणे. जितकं काढाल तितकं येतं आणि भरलेली छाती स्वतःच कारखान्याचा वेग कमी करते. म्हणून तीन-चार तास एकाच बाजूला पाजायचं, मग दुसरी बाजू. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं हं, कारण गाठी होऊन ताप येऊ शकतो. पाजताना मी मागे रेलून बसायचे, बाळ माझ्या अंगावर पालथं, म्हणजे त्याला धारेविरुद्ध वर चढून प्यावं लागतं. मधूनमधून ढेकर, नंतर वीसेक मिनिटं उभं धरायचं. झोपवायचं मात्र पाठीवरच. पहिले चार दिवस छातीचे दगड झाले. असह्य झालं की वाटीत थोडंसं पिळायचं, ठणका थांबेल इतकंच. ती वाटी सासूबाई तुळशीत ओतायच्या. बाळाचं दूध पायदळी जाऊ नये म्हणून.

त्या तुळशीकडे बघून मला शीव आठवलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात आणि ज्यांच्या आईचं दूध मिळू शकत नाही अशा अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. विक्री नाही. आईच्या दुधाचा व्यापार करता येणार नाही, हे एफएसएसएआयने मे २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. आपण गुळण्यांनी वैतागायचं आणि कुठल्या तरी काचेच्या पेटीतल्या बाळाला यातले चार थेंब पुरायचे! वाटलं, देऊनच टाकावं.

पण गंमत बघा. द्यायचं म्हणजे काढायचं आणि काढलं की शरीर म्हणणार, मागणी वाढली, चला, आणखी बनवा! म्हणजे माझं पोर पुन्हा ठसक्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तुमच्या बाळाचं बस्तान बसू दे, मग उरलं तर बघू. पटलं, तरी चुटपुट लागून राहिली.

हे सगळं मी सासूबाईंना जेवताना सांगत होते. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, 'यांच्या आधीचं माझं सातव्या महिन्यातलं. मला दूधच उतरलं नाही. कापसाच्या बोळ्याने गाईचं पाजलं. नवव्या दिवशी गेलं.' लग्नाला चार वर्षं झाली, त्या बाळाचा उल्लेख घरात कुणी केला नव्हता. 'पोटात काही राहायला नको का' हे त्या कुणाबद्दल म्हणत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

लेक आता साडेतीन महिन्यांचा आहे. गुळण्या दिवसाला तीन-चार, त्यातली एक हमखास नवरोबांच्या इस्त्रीच्या शर्टावर. त्यामुळे सकाळचा टाटा हल्ली बनियनवर होतो, शर्ट लिफ्टमध्ये. वरचं दूध घरात आलेलं नाही. सासूबाई मात्र दर आठवड्याला माझा हिशेब घेतात. 'पुरतं उतरवलंस का गं? थोडं ठेव हो. शीवला न्यायचंय.'